वायरीला हिसडा नको

दुकानातली शिट्टी बंद झाली तेव्हापासून गिऱ्हाईकं खुर्चीत जरा अवघडूनच बसायची. केस कापून व्हायचे, दाढीही व्हायची, पण मानेभोवती कापड टाकलं की जो तो आरशात आपल्या मागे बघायचा. जणू कोणीतरी यायचं राहिलंय.

राहिलं होतं ते बाबांचं येणं.

बाबा म्हणजे या सलूनचे मालक. कात्री हातात आली की त्यांचे ओठ आपोआप गोल व्हायचे. कात्रीची कचकच आणि शिट्टी, दोन्ही एकाच तालात. मध्येच कोणाशी बोलायचं झालं तर शिट्टी तोडायचे, आणि बोलणं संपलं की जिथे तुटली तिथूनच पुढे सुरू. एक सूर मागे नाही की पुढे नाही. लोक मुद्दाम मध्ये प्रश्न विचारून बघायचे, हा माणूस चुकतो का. चुकला नाही कधी.

आता घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांची स्वरपेटी काढून टाकली होती. गाठ वाईट होती. डॉक्टरीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "माणूस तुम्हाला परत देईन. आवाज देता येणार नाही." श्वास आता गळ्याला ठेवलेल्या भोकातून चालायचा. म्हणजे बोलणं तर गेलंच, शिट्टीही गेली, कारण तोंडातून वाराच यायचा नाही.

आणि गंमत बघा, एवढं आयुष्यभर बोललेला माणूस, पण त्याचा आवाज घरात कुठेच साठवलेला नाही. कोणी मोबाईल समोर धरला की बाबा गप्प. हाताने नाही म्हणायचे आणि पाठ फिरवायचे. "माझं थोबाड गिऱ्हाईक रोज फुकट बघतंय, अजून काय पाहिजे?"

ऑपरेशनच्या आधी दुकान बंद होतं त्या दिवशी मात्र ते एकदाच तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्याच खुर्चीत बसले आणि कॅमेऱ्यासमोर बोलले. गिऱ्हाईकांशी, आईशी, मुलांशी. शेवटी शिट्टी वाजवली. पूर्ण, न तोडता. कॅमेरा भावोजींचा होता, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा.

भावोजी विम्याच्या कंपनीत. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढणं हे त्यांचं काम. माणूस इतका जपून वागणारा की छत्री मिटतानासुद्धा एकेक घडी नीट बसवणार. आणि कॅमेरा कॉम्प्युटरपासून काढायचा म्हणजे तर सोहळाच! आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं बारकं चिन्ह दाबायचं. मग 'आता सुरक्षितपणे काढता येईल' अशी पाटी येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. मग कॅमेरा बंद. मग वायरीला नाही, तिच्या टोकाच्या बुडाला धरून हळूच बाहेर. मग झाकण. घरात सगळे हसायचे. सगळ्यात जास्त हसायचा तो ताईचा धाकटा भाऊ. भावोजींचं नाव त्याने सावकाशराव ठेवलं होतं.

या धाकट्याला सगळे वादळ्या म्हणायचे. नाव बाबांनीच ठेवलेलं. हात चांगला, कात्री झकास चालायची, पण सगळं एका फटक्यात हवं. मशीनचंच बघा. दुकानातल्या बोर्डावर जागा कमी, आणि केस कापायचं मशीन, केस वाळवायचं यंत्र, पंखा, सगळ्यांची तिथेच गर्दी. काम झालं की वादळ्या लांबूनच वायर धरून हिसडा द्यायचा आणि टोक उडून बाहेर यायचं. बाबा दिवसातून दहादा ओरडायचे. वादळ्या दहादा हो म्हणायचा. हाताला काही ते कळलं नाही.

कॅमेरा त्या दिवसापासून दुकानातच फळीवर होता. सगळे हॉस्पिटलच्या धावपळीत. भावोजी बजावून गेले होते, "मी येऊन कॉम्प्युटरवर उतरवून देतो. तोवर हात लावू नकोस."

"नाही लावत, भावोजी."

आणि खरंच लावला नव्हता. पण त्या सकाळी हॉस्पिटलमधून आईचा फोन आला.

"अरे, तुझे बाबा मघापासून खुणा करतायत. मला वाटलं पाणी पाहिजे. मग वाटलं उशी. तर नाही. ओठ गोल करून दाखवतायत आणि कानाकडे बोट."

"म्हणजे?"

"मलाही आधी कळेना. शेवटी कागद-पेन दिलं तेव्हा कळलं. शिट्टी ऐकायचीय त्यांना. स्वतःची." बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून आईने आवाज खाली घेतला. "रात्रभर मनातल्या मनात वाजवून बघितली म्हणे, आणि मध्येच अडली. विसरून जाईन अशी धास्ती घेतलीय रे त्यांनी. आणशील का भेटायच्या वेळेला?"

"आणतो," वादळ्या म्हणाला. म्हणाला म्हणजे काय, वचनच दिलं.

आता भावोजींना फोन करायला हवा होता, हे त्यालाही कळत होतं. पण कॉम्प्युटर दुकानातच, बोर्डाशेजारी, गाणी लावायला ठेवलेला. वायर कॅमेऱ्याच्या पिशवीत. यात काय एवढं अवघड आहे? त्याने कॅमेरा जोडला. आत फोटो, व्हिडिओ, सगळं दिसलं. कॉपी करायचं की कट? कॉपी केलं तर नंतर कॅमेऱ्यातलं पुन्हा पुसत बसा. कट केलं की इकडचं तिकडे, कॅमेरा मोकळा, भावोजीही खूश. न्हाव्याचा पोरगा, कट म्हटल्यावर हात थांबतोय कुठे?

सगळं एकदम निवडलं आणि दिलं सोडून. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली.

तेवढ्यात बँकवाले काका आले. बँकेतून रिटायर झालेले, पण सल्ला द्यायचं खातं अजून चालू. त्यांना खुर्चीत बसवलं, मशीन मारलं, कापड झटकलं.

"झालं काका."

"काय झालं? कानामागे हात लाव बघ. जंगल ठेवलंयस."

"आलो, आलो. वारा मारून केस उडवतो, म्हणजे दिसेल."

वारा मारायचा तर बोर्डावर जागा हवी. जागा हवी तर मशीनची वायर काढायला हवी. वादळ्याने मागे न बघताच हात लांबवला, काळी वायर बोटात आली, आणि रोजच्या सवयीने दिला हिसडा.

मशीनची वायर होती तिथेच राहिली.

कॉम्प्युटरने टुंग असा आवाज केला. हिरवी पट्टी गेली. वादळ्याच्या हातात कॅमेऱ्याच्या वायरीचं टोक लोंबत होतं, उंदराच्या शेपटीसारखं.

"काय रे, काय झालं?" काकांनी आरशातून विचारलं.

वादळ्याने घाईघाईने टोक परत खुपसलं. बराच वेळ काहीच नाही. मग पाटी आली. हे कार्ड वाचता येत नाही. वापरायचं असेल तर आधी फॉरमॅट करावं लागेल. करायचं का? खाली हो आणि नाही.

ज्या फोल्डरमध्ये सगळं उतरवत होता तो उघडून बघितला. पाचसहा फोटो आले होते. एक चेपलेला दरवाजा, एक फुटलेला दिवा. बाबा नाहीत.



"त्यात बाबांचा आवाज होता, काका."

काका गळ्यातल्या कापडासकट उठून आले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "मग हो म्हण ना. ते स्वतःच सांगतंय करावं लागेल म्हणून. दुसरा पर्याय आहे का काही?"

वादळ्याचं बोट माऊसवर होतं. बाण 'हो'वर येऊन थांबला होता. काहीतरी लगेच दुरुस्त करावं, आत्ताच्या आत्ता, कोणाला कळायच्या आत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आणि नेमकी त्याला बाबांनी शिकवलेली पहिली गोष्ट आठवली. शिकताना त्याने एका गिऱ्हाइकाचा उजवा कल्ला जास्त उडवला होता, आणि घाबरून डावा कापायला निघाला होता. बाबांनी त्याचं मनगट धरून हात वर उचलला होता. "चूक झाली की हात वर घ्यायचा. लगेच दुरुस्त करायला गेलास तर हे कापशील, मग ते कापशील, आणि बिचारा टकला होऊन घरी जाईल."

वादळ्याने माऊसवरचा हात उचलला. अगदी खांद्याएवढा वर.

"हे काय, शपथ घेतोयस का?" काका म्हणाले.

"नाही. फोन करतो."

"भावोजी, कामात आहात का?"

"तुझ्या ताईने पडदे धुवायला काढलेत. मी कड्या मोजतोय. बोल."

"कॅमेरा..."

"हात लावलास."

हा काही प्रश्न नव्हता.

"लावला."

"वायर कशी काढलीस?"

वादळ्याने कॅमेऱ्याच्या वायरीकडे बघितलं.

"हिसडा?"

"हिसडा."

पलीकडे एक कडी जमिनीवर पडून गरगरत गेल्याचा आवाज आला. मग भावोजी अगदी शांतपणे म्हणाले, "नीट आठवून सांग. त्यानंतर नवीन फोटो काढलास?"

"नाही."

"फॉरमॅट करू का असं विचारलं?"

"विचारतंय अजून. नाही केलं. हात वर घेतलाय."

फोनमधून एक मोठा सुस्कारा आला. "शाब्बास. आता त्याला नाही म्हण, कॅमेरा बंद कर आणि गप्प बस. मी आलोच."

मागून ताईचा आवाज आला, "आता काय मोडलं त्याने?"

दोघंही आले. भावोजींनी दारात बूट पुसले, लॅपटॉप फळीवर ठेवला, त्याखाली रुमाल घातला. ताई मात्र थेट भावावर चाल करून गेली.

"तुला सांगितलं होतं ना हात लावू नकोस म्हणून? लहानपणी माझी बाहुली अशीच ओढलीस. हात तुझ्याकडे, धड माझ्याकडे!"

"ताई, नंतर मार. पण आधी ते मिळू दे."

त्याचा चेहरा बघून ताईचं पुढचं वाक्य ओठातच राहिलं. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली.

भावोजी एक शब्द बोलले नाहीत. ना ओरडले, ना 'बघितलंस' म्हणाले. वादळ्याला तेच जास्त लागलं. शेवटी त्याने स्वतःच विचारलं, "भावोजी, रागवा ना एकदा."

"अरे, मी ठोकलेल्या गाड्यांकडे जाणारा माणूस. तिथे प्रत्येक ड्रायव्हर आधीच रडकुंडीला आलेला असतो. त्यात मी कशाला भर घालू?" भावोजींनी कॅमेऱ्यातून कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. "ऐक आता. कार्डावरचं अजून गेलेलं नसणार. कुठे काय ठेवलंय याच्या खुणा विस्कटल्यात, एवढंच. नवीन काही लिहिलं असतं किंवा तू हो म्हणाला असतास, तर माझंही काही चाललं नसतं. हा प्रोग्रॅम कोपरान् कोपरा चाळतो. सापडेल ते काढतो. किती सापडेल ते मात्र मला नाही सांगता येणार."

मग वाट बघणं सुरू झालं. बँकवाले काकाही घरी जाईनात. एका कानामागे जंगल तसंच, गळ्यात कापड, आणि घरच्याच माणसासारखे मान वाकवून स्क्रीनमध्ये. एकेक चित्र वर यायला लागलं. चेपलेला दरवाजा. मोडलेला आरसा. गाडीचं तोंड झाडात घुसलेलं.

"हा माणूस वाचला का हो?" काकांनी विचारलं.

"वाचला. झाड गेलं."

पुन्हा दरवाजे. पुन्हा दिवे. मग ताई, साडीचा पदर सावरताना, तोंड उघडं.

"हा फोटो मी पुसायला सांगितला होता तुम्हाला!"

"मी पुसला होता. हा प्रोग्रॅम पुसलेलंही उकरून काढतो."

"म्हणजे घरातली कुठलीच गोष्ट पुसली जात नाही म्हणायची," ताई म्हणाली, आणि काका इतके हसले की कापडावरचे केस कीबोर्डवर सांडले. भावोजींनी फुंकर मारून एकेक उडवला.

मग व्हिडिओ आले. नावं नाहीत, नुसते आकडे. भावोजींनी पहिला उघडला.

बाबा दिसले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हात, नजर समोर. ओठ हलले. आणि चित्र तिथेच अडकलं. आवाज नाही. भावोजींनी पुन्हा लावलं, वेगळ्या तऱ्हेने लावलं. ओठ तेवढेच हलायचे आणि थांबायचे.

"हा अर्धाच निघाला," भावोजी हळूच म्हणाले. "याच्यावरच हिसडा बसला असेल. पुढचं नाही यात."

म्हणजे ते बोलणं गेलं. न तोडता वाजवलेली शिट्टीही गेली. वादळ्या उठला आणि बाबांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, पाठ करून, खुर्ची धरून. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.  आई हॉस्पिटलमध्ये घड्याळाकडे बघत असेल एवढंच सगळ्यांच्या मनात.

"अजून एक आहे," भावोजी म्हणाले. "हा... अरेच्चा. हा कुठला?"

आणि दुकानात शिट्टी वाजली.

वादळ्या गर्रकन वळला. स्क्रीनवर तिरपं दुकान दिसत होतं, फळीवरून. खुर्चीत भावोजी, मानेभोवती कापड. मागे बाबा, रोजच्या मळक्या शर्टात, हातात कात्री, ओठ गोल.

"हा चाचणीचा," भावोजींच्या तोंडून कसंबसं आलं. "त्या दिवशी आवाज नीट येतो का ते बघायला आधी फळीवर ठेवून चालू केला होता. त्यांना सांगितलंही नव्हतं. नंतर मीच पुसून टाकला."

कात्रीची कचकच, शिट्टी. मग शिट्टी तुटली.

"जावईबापू, तुमच्या डोक्यावर आता मोजकेच राहिलेत. एकेकाची ओळख करून घेऊन कापतोय."

"सावकाश कापा, बाबा," स्क्रीनवरचे भावोजी म्हणाले.

शिट्टी जिथे तुटली तिथूनच पुढे सुरू. वर चढली, वळण घेतलं, आणि पुन्हा तुटली. या वेळी बाबा कॅमेऱ्याच्या बाहेर कोणाकडे तरी बघून गरजले.

"ए वादळ्या! वायरीला हिसडा नको देऊस! बूड धरून काढ, बूड! वायर म्हणजे काय म्हशीचं शेपूट वाटलं का तुला? एक दिवस हातात नुसतं शेपूट राहील आणि म्हैस जाईल!"

"हो बाबा," बाहेरून वादळ्याचाच आवाज आला, अगदी बेफिकीर.

"हो बाबा म्हणे! दहादा हो म्हणतो, एकदा ऐकत नाही. पण हात सोन्याचा आहे हो पोराचा, जावईबापू. त्याला सांगू नका, डोक्यावर बसेल."

आणि शिट्टी. तिथूनच. मग ती शेवटपर्यंत गेली, कात्रीसकट.

 काका नाक पुसत होते, तेही गळ्यातल्या कापडाला. ताई हसत होती की रडत होती, तिचं तिलाही कळत नसावं. वादळ्या खाली बसला, सरळ फरशीवर, कापलेल्या केसांत.

"भावोजी," तो म्हणाला, "मी तुम्हाला सावकाशराव म्हणतो."

"माहिताय मला. तुझ्या ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मनापासून थँक्यू म्हणायचंय. कसं म्हणू तेच कळत नाही."

"आधी केस झटक. मग याची कॉपी करू." भावोजींनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. "कॉपी हं. कट नाही."

भेटायच्या वेळेला ते हॉस्पिटलमध्ये पोचले. एक कॉपी लॅपटॉपवर आणि दुसरी नव्या कार्डावर घालून कॅमेऱ्यात, अशी दोन्हीकडे आणली होती, लॅपटॉपला कॅमेरा जोडून, कारण आता कशाचाच भरवसा नको असं ताईचं म्हणणं. बाबा उशांना टेकून बसले होते. गळ्याभोवती पांढरी पट्टी. आईने लगेच वाट करून दिली.

वादळ्याने आधी सगळं सांगून टाकलं. कट, हिसडा, गेलेलं भाषण, सगळं. "तुम्ही नीट कपडे करून बोलला होतात ते गेलं, बाबा. माझ्यामुळे गेलं. त्या आधीचं तेवढं वाचलंय."

बाबांनी हाताने खूण केली. लाव.

लागलं. शिट्टी सुरू झाली आणि बाबांनी डोळे मिटले. ओठ गोल झाले. त्यातून काही आलं नाही, येणार नव्हतंच, पण पलंगाच्या कडीवर त्यांचं बोट ताल धरायला लागलं. शिट्टी तुटली तिथे बोट थांबलं. सुरू झाली तिथे तेही सुरू. एक ठोका मागे नाही की पुढे नाही. मग जिथे रात्री अडले होते ते वळण आलं असावं, कारण त्यांनी एकदम डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि मान डोलावली. हेच, हेच.

मग म्हशीचं शेपूट आलं. बाबांचे खांदे गदगदायला लागले. आधी आई घाबरली, मग कळलं, हसतायत. आवाज नाही, नुसते खांदे. वादळ्याकडे बोट केलं, हवेत एक वायर ओढल्याचा हिसडा दिला आणि दोन्ही हात पसरले.

"म्हणतायत, खोटं बोललो होतो का?" आईने सांगितलं.

"नाही हो बाबा," वादळ्या म्हणाला. आणि पाठोपाठ सोन्याच्या हाताचं वाक्य आलं, तेव्हा बापलेक दोघंही खिडकीकडे बघायला लागले.

संपल्यावर बाबांनी भावोजींना जवळ बोलावलं. भावोजी वाकले. बाबांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, मागून पुढे, गिऱ्हाइकाचा अंदाज घेतात तसा. कानापाशी जरा थांबले. मग दोन बोटांची कात्री करून हवेत कचकच चालवली. वाढलेत. घरी आलो की बसा खुर्चीत.

 भावोजींनी नुसती मान हलवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सावकाश म्हणाले नाहीत.

निघायची वेळ झाली. वादळ्या कॅमेरा काढायला वळला, तर बाबांनी तळहात उभा केला. थांब. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण जावई काय करतो ते त्यांनी बघितलं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. वादळ्याने ते बारकं चिन्ह दाबलं आणि हात मांडीवर ठेवला. आई थांबली. ताई थांबली. नर्स काहीतरी घेऊन आत आली होती, तीही या सगळ्यांना बघून थांबली.

पाटी आली. आता सुरक्षितपणे काढता येईल.

वादळ्याने कॅमेरा बंद केला. बूड धरलं आणि हळूच, जणू झोपलेल्याच्या कानातून कापूस काढतोय, तसं टोक बाहेर काढलं.

बाबांनी हनुवटी किंचित खाली घेतली. वादळ्याने पहिली दाढी रक्ताचा थेंब न काढता केली होती, तेव्हा घेतली होती तेवढीच. मग त्यांनी भावोजींकडे बघितलं आणि झाकणाकडे बोट केलं.

झाकण लावायचं राहिलं होतं.